मामाची मांडी

राजारामपुरीत एकतीस वर्षं मी लोकांची डोकी करतोय. माझ्या दुकानात माणूस आरशाकडं तोंड करून बसतो, माझ्याकडं पाठ. त्यामुळं मला माणसाची टाळू आधी कळते आणि स्वभाव नंतर. कुणाचं कपाळ कुठल्या वर्षी मागं सरकायला लागलं, कोण सासुरवाडीला जायच्या आदल्या दिवशीच कलप लावतो, दहावीच्या वर्षी कुणाच्या पोराला रुपयाएवढी चाई पडली, सगळं तोंडपाठ आहे. लिहून ठेवायची गरज पडत नाही. डोकं परत समोर आलं, की मागचं पान आपोआप उघडतं.

गल्लीतल्या एका डोक्याला मात्र पाच वर्षांत माझी कात्री लागली नव्हती. राजवीर. दुकानासमोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या अनुजा आणि मोहितचा मुलगा. पाठीवर दोन वेण्या, खाली हाफ चड्डी, आणि गुडघे कायम फुटलेले. बालवाडीत पहिल्या दिवशी बाईंनी त्याला मुलींच्या रांगेत उभं केलं, तर हा म्हणाला, "मी मुलगा आहे. माझा मामा यायचाय, म्हणून केस आहेत."

एवढ्यावर बाईंना सगळं समजलं. जावळ मामाच्या मांडीवर बसवून काढायचं असतं. पहिल्या, तिसऱ्या नाहीतर पाचव्या वर्षी. या पोराचं पहिलं गेलं, तिसरं गेलं, आणि येत्या वीस जूनला पाचवंही सरणार होतं.

कोल्हापुरात मामांचा तुटवडा नाही. कंडक्टर मामा, पोलीस मामा, भेळेच्या गाडीवरचा मामा. याचा एक खरा तेवढा कमी होता.

अनुजा एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवते. मोहित घरी बसून इंजिनिअर लोकांना नकाशे काढून देतो. दोघांचं लग्न झालेलं नाही. करायचं राहून गेलं असंही नाही, ठरवून केलेलं नाही. पहिल्या वर्षी गल्ली त्यांच्याविषयी रोज बोलायची, दुसऱ्या वर्षी फक्त सणासुदीला. राजवीर झाला तेव्हा बाळाला बघायला जावं की नको यावर बायका चार दिवस अडल्या आणि पाचव्या दिवशी सगळ्या एकदम गेल्या. पुढं ज्यांची ज्यांची पोरं बारावीला आली, त्यांना अनुजा एकदम सोज्वळ दिसायला लागली.

राजवीरच्या टाळूवर दोन भोवरे आहेत. दोन भोवरेवाल्याची दोन लग्नं होतात म्हणतात. एक रिटायर्ड हेडक्लार्क माझ्या खुर्चीतून म्हणाले, "आईबापानं एकबी केलं न्हाई, पोरगं दोन करून बाकी भरून काढणार बघा, पिराजी." मी हसलो. एक तर गिऱ्हाईक होतं, आणि खरं सांगायचं तर विनोद बरा होता.

पण 'असल्या घरात पोराचं काय होणार' असं जे गल्ली म्हणायची, त्याला माझ्याकडं माझं एक माप आहे. लहान पोराच्या डोक्याकडं हात न्यायचा आणि ते मान आत घेतं का बघायचं. घरात हात उचलला जात असेल तर पोरगं कासवासारखं खांद्यात शिरतं. लग्नाचा फोटो दारासमोर टांगलेल्या घरांतली तीन पोरं माझ्याकडं अशी मान आत घेतात. नावं सांगणार नाही. राजवीरच्या वेणीत अडकलेलं काहीबाही काढायला मी हात नेला, की तो डोकं वर करून माझ्या तळव्यालाच टेकवायचा, मांजरागत. माझा हिशेब तिथं मिटला होता.

लग्न का केलं नाही, हे मोहितनं मला एकदाच सांगितलं, दाढी करताना. त्याच्या आईवडिलांचा खटला दहा वर्षं चालला. प्रत्येक तारखेला याला नवा शर्ट घालून न्यायचे आणि जिन्यावर उभं करून विचारायचे, तुला कुणाकडं राहायचंय? "काका, लग्न म्हटलं की मला तो जिना आठवतो," म्हणाला. "माझ्या पोराला कुणी तसं विचारू नये, म्हणून तो कागदच नको." कागद नसला तरी भांडता येतं, असं माझ्या ओठावर आलं होतं. पण वस्तरा त्याच्या गळ्यावर होता. अशा वेळी मी वाद घालत नाही.

अनुजाचं माहेर गडहिंग्लज तालुक्यातल्या नेसरीचं. वडील गेले तेव्हा भाऊ सतरा वर्षांचा. पृथ्वीराज त्याचं नाव. त्यानं कॉलेज सोडलं, शेती धरली, म्हशी वाढवल्या आणि बहिणीला एमएस्सी केलं. मोहितचं कळलं तेव्हाही तो बोंबलला नाही. म्हणाला, "पोरगा कुठलाबी असू दे. मी मांडव घालतो." ही म्हणाली, मांडव नको. तो म्हणाला, "मग मी कोण?" तेव्हापासून सात वर्षं दोघं बोलले नव्हते. राजवीर झाला तेव्हा तिनं फोटो पाठवला. दोन निळ्या खुणा उमटल्या. तेवढंच.

गल्लीनं तिला मार्ग बरेच सुचवले. जोतिबाला जाऊन काढून या, म्हणजे देवच मामा. कुणीतरी मानलेला मामा करा. ती ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी परत पोराच्या वेण्या घालून त्याला शाळेत पाठवायची.

एकदा मी तिला डिवचलं. "काय ओ बाई, मांडव नको, मंगळसूत्र नको, आणि मांडी मात्र मामाचीच पाहिजे व्हय?"

"काका, मला रीत नको आहे. मला माणूस पाहिजे. आणि तो माणूस रीतीशिवाय उठत न्हाई."

"मग बोलवा की त्याला."

"दादाला?" तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मीच अडाणी. "दादाला बोलवायचं? तो काय पावणा हाय? घरच्या माणसाला कोण आवतण देतंय? त्याला वर्षं मोजता येतात. त्यानं यायचं."

आता जे सांगतोय, ते मी तिला सांगितलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी एक माणूस मोटारसायकलवरून आला. पस्तिशी ओलांडलेला, उन्हानं रापलेला. "दाढी," म्हणाला, आणि दोन खुर्च्यांतली दाराजवळची धरली.

"पावणं कुठलं?"

"हिकडं, खालच्या अंगाचं. म्हशींच्या धारेच्या मशीनचं सामान न्यायला आलतो."

ते सामान गडहिंग्लजलाही मिळतं, हे मला माहीत होतं. मी फेस केला.

"त्या समोरच्या गॅलरीत कापडं वाळत्यात. कोण ऱ्हातंय तितं?"

"क्लासच्या बाई हाईत."

"एकट्याच?"

"न्हाई की. मालक हाईत, पोरगं हाय."

'मालक' म्हटल्याबरोबर त्यानं जबडा आवळला. मी वस्तरा उचलला. "सैल सोडा पावणं, कापंल."

थोड्या वेळानं म्हणाला, "पोरगं जेवतंय का नीट?"

"माझ्या दुकानातली बिस्किटं तर जेवतंय."

"त्यो मालक... हात-बित उचलतोय का?"

"न्हाई."

"तुमास्नी काय ठावं?"

"मला ठावं," म्हटलं. माझं माप मी त्याला सांगत बसलो नाही.

दुसऱ्या खेपेला त्यानं केस कापायला सांगितले, आणि टाळूवर पाणी मारल्यावर मला दोन भोवरे दिसले. एक उजवीकडं वळलेला, एक डावीकडं. त्याच जागी, तेवढ्याच अंतरावर. एकतीस वर्षांत तसली जोडी मी दोनच टाळूंवर बघितली. माझी कात्री क्षणभर थांबली, मग चालू झाली. गिऱ्हाईकाचा गळा आणि गिऱ्हाईकाचं गुपित, दोन्ही आमच्या हातात विश्वासानं दिलेलं असतं.

दोन वर्षांत तो नऊ वेळा आला. कायम तीच खुर्ची. कारण तिथल्या आरशात समोरची गॅलरी पुरी दिसते. माझ्याकडं दाढी करायला येणारा माणूस डोळे मिटतो, जरा बरं वाटतं म्हणून. यानं नऊ वेळांत एकदाही मिटले नाहीत.

मे महिन्याच्या शेवटी तो नवव्यांदा आला. तोंडाला फेस लावून एका गालाची दाढी झाली होती, एवढ्यात मोहित राजवीरला घेऊन आत शिरला. "काका, याच्या वेणीत च्युइंगम अडकलंय. तेल लावून सोडवता का? कापू नका हां, नाहीतर अनुजा मला कापेल. मी मेडिकलमधून दहा मिनिटांत आलो." आणि गेला. मोहित आणि पावणा कधी समोरासमोर आले नव्हते, आणि त्यात अर्ध्या फेसातला माणूस कोण ओळखणार?

राजवीर खुर्चीशी जाऊन उभा राहिला. "तुम्ही साबण खाताय?"

पावण्यानं मान हलवली. पोरगं खुर्चीच्या पायरीवर चढलं, तिथून आरशात नीट दिसेना म्हणून थेट त्याच्या मांडीवर. पावण्याचे दोन्ही हात हवेतच राहिले. धरावं की नको कळेना. मग हळूहळू खाली आले आणि पोराच्या पोटावर बसले.

"नाव काय तुझं?"

"राजवीर."

"केस एवढं कशाला राखल्यात?"

"माझा मामा यायचाय."

मी तेलाची बाटली शोधत होतो. सापडलेली बाटली परत शोधत होतो.

"कवा येणार हाय?"

"आई म्हणते, त्याला शेतात काम असतं."

मग पावण्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं. "काप."

"काय?"

"वळखलंय तू मला, पिराजी, सोंग नको करू. मी मामा हाय, पोरगं मांडीवर हाय, कात्री तुझ्या हातात हाय. बाप यायच्या आत उरक."

सरळ हिशेब होता. पोराचं पाचवं वर्ष साधलं असतं, मामाचं कर्तव्य झालं असतं, माझं काम झालं असतं. नुकसान एकट्या अनुजाचंच. जावळ पडलं, की त्या माणसाला इथं यायला कारण उरत नव्हतं, आणि तिला वाट बघायला. म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाईकाशी धंद्यातलं खोटं बोललो.

"असं न्हाई कापता येत. पहिली बट आईच्या वंजळीत पडाय लागती."

"आमच्यात न्हाई असली रीत."

"हितं हाय."

"कवापास्नं?"

"एकतीस वर्षं."

त्याचा फेस वाळत चालला होता. "म्हंजे मी वर जाऊन तिला बोलवू?"

"दार उघडंच असतंय."

"मला आवतण हाय का?" आवाज चढला तसं पोरगं वळून त्याच्याकडं बघायला लागलं. त्यानं आवाज खाली आणला. "जावळाला मामाला आवतण लागतंय. हळद-कुंकू लावून, नाव घेऊन. आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरगंबी सांगंल. एवढी शिकवली, तिला एवढं ठावं न्हाई? तिला मी मामा म्हणून नको असंन, तर बिनबोलवता जाऊन मांडी कशी पसरू?"

पोराला उचलून त्यानं शेजारच्या खुर्चीत बसवलं, अर्ध्या दाढीचा फेस टॉवेलनं पुसला आणि निघून गेला. एक गाल गुळगुळीत, एक तसाच. मोहित आला तेव्हा मी च्युइंगमला तेल चोळत होतो.

पंधरा दिवस वाट बघितली. तो आला नाही. वीस जून जवळ येत चालला, आणि मी केलेली हुशारी मला पचेना. शेवटी एका संध्याकाळी क्लास सुटल्यावर अनुजाला आत बोलावलं आणि सगळं सांगितलं. भोवऱ्यांपासून अर्ध्या दाढीपर्यंत.

ती रडेल असं वाटलं होतं. तिनं विचारलं, "किती वेळा आलता?"

"नऊ."

"कुठल्या खुर्चीत बसायचा?"

मी दाखवली. ती जाऊन बसली, पदर सावरून, गिऱ्हाईकासारखी. आरशात तिची गॅलरी होती. दोरीवर राजवीरच्या चड्ड्या, मोहितचा टॉवेल, तिचाच एक निळा गाऊन. ती बघत राहिली. मागं एकजण केस कापायला येऊन उभा राहिला, त्याला मी हातानंच घालवला.

"गाऊनवर मी गॅलरीत येते," म्हणाली. "केस विंचरत उभी राहते. एकदा मोहितशी भांडून तिथं उभी राहून रडलेली मी. ते बघितलं असंल काय ओ त्यानं?"

"त्या दिवशी आलेला असला तर बघितलं असंल."

"आणि काय विचारायचा?"

"पोरगं जेवतंय का. ह्यो हात उचलतोय का. एकदा विचारलं, बाईंना अजून पित्ताचा तरास हुतोय का. मी म्हटलं, मला काय ठावं."

यावर मात्र ती रडली. आवाज न करता. मी तुरटी पुसत बसलो. जरा वेळानं म्हटलं, "बाई, तुम्ही चुकला न्हाई, त्योबी चुकला न्हाई. भाऊ म्हणून बघितलं तर घरचा, त्याला आवतण द्यायचं नसतं. पण मामा म्हणून बघितलं तर मानाचा पावणा, आवतण लागतंयच. तुम्ही भावाची वाट बघत बसला, आणि त्यो मामा हून बसला."

तिनं फोन काढला. नंबर तिच्या फोनमध्ये असणारच, पण तिनं दहाही आकडे बोटानं दाबले, न बघता.

आमच्याकडची माणसं फोनवर अशी बोलतात, की स्पीकर लावायची गरज पडत नाही.

"कोण?"

"मी."

पलीकडं बादली आपटल्याचा आवाज आला. मग म्हशीचा.

"दादा, राजवीरचं जावळ हाय. येत्या रविवारी. तू मामा हाईस. आवतण देतोय आम्ही."

"आम्ही म्हंजे?"

"मी आणि मोहित."

फोन कट झाला का बघायला तिनं कानापासून दूर धरला, परत लावला.

"लगीन?"

"न्हाई."

"करणार हाय?"

"न्हाई, दादा."

मी दाराबाहेर बघत होतो. एक रिक्षा गेली. दुसरी गेली. मी चार मोजल्या.

"किती वाजता?" तो म्हणाला.

दहा वाजता सांगितलं होतं, आठलाच आला. पांढरा शर्ट, दोन्ही गाल सारखे. वर घरात नको म्हणाला, हितंच दुकानात करू. रविवार म्हणजे माझ्या धंद्याचा दिवस. शटर अर्धं खाली ओढून घेतलं. गल्लीतल्या बायका तरी आत मावल्याच, आणि हेडक्लार्कही कलप लावायचाय या निमित्तानं कोपऱ्यात बसून राहिले.

आधी मामाचा मान. टोपी, टॉवेल, शर्टपीस. तो मान पोराच्या बापानं करायचा असतो. मोहित ताट घेऊन पुढं आला आणि त्यानं आधी टोपीच उचलली. या माणसाच्या हातची टोपी हा डोक्यावर घेतो की नाही, हे बघायलाच निम्मी गल्ली आली होती. घेतली, म्हणजे त्याला दाजी म्हटल्यासारखंच.

पृथ्वीराजनं टोपीकडं बघितलं, मग मोहितकडं. "आधी कुंकू," म्हणाला.

"सॉरी," मोहित म्हणाला.

"सॉरी काय, लावा. उजव्या हातानं. आता टोपी. न्हाई न्हाई, फुडनं घालायची, दाजी, तुमच्यात कवा जावळं हुईत न्हाईत काय?"

हेडक्लार्क मोठ्यानं हसले, आणि पाठोपाठ सगळं दुकान.

पोरगं मांडीवर बसलं. आता त्याला कळलं, की हाच साबणवाला मामा आहे. "तुम्हीच आहे तर त्या दिवशी का नाही सांगितलं?" मामानं डोक्यावरची टोपी सारखी केली. माझ्या खोट्यापायी अनुजाला ओंजळ धरून खाली गुडघ्यावर बसावं लागलं, आणि पहिली बट मी तिच्यात सोडली. (पुढच्या महिन्यात गल्लीत आणखी एक जावळ झालं. त्या आईनं आपणहून ओंजळ पुढं केली. मी काही बोललो नाही.) ती बटेकडं बघतच नव्हती. सात वर्षांनी भावाला इतक्या जवळून बघत होती.

"दादा, पिकलास की रे."

"मग? तुझी वाट बघत काळाच ऱ्हाणार हुतो काय?"

मशीन फिरवून टाळू साफ केली, तेव्हा राजवीर रडला, मग आरशात बघून हसला. मामानं त्या गोट्यावर तळवा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"वर चल," अनुजा म्हणाली. "जेवून जा. स्वयंपाक झालाय."

"म्हशी थांबत न्हाईत."

"घर तरी बघ."

त्यानं बघितलं. रस्त्यावर उभा राहून, मान वर करून, गॅलरीपासून जिन्यापर्यंत. जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत गेलाही. तिथं पोराला खाली उतरवलं आणि परत फिरला. मोहित काहीतरी बोलायला पुढं झाला, तर त्याच्या खांद्यावर एक थाप मारली. जरा जोरातच.

मोटारसायकल चालू केली, तेव्हा अनुजा धावत गेली. "दादा, भाऊबीजेला ये. आत्ताच आवतण देऊन ठेवते."

"भाऊबीजेला आवतण लागत न्हाई," तो म्हणाला, आणि गेला.

येतो म्हणाला, की उगाच बोलवू नको म्हणाला? नऊ दाढ्या केलेला माणूस, पण मला काही सांगता येईना. गाडी कोपऱ्यावरून वळली तरी ती उभीच. मग गोटा केलेल्या पोराला कडेवर घेऊन दुकानात आली. पोरगं आता कडेवर बसायच्या वयाचं राहिलेलं नाही, पाय लोंबत होते.

"काका, यंदा भाऊबीज कधी हाय ओ?"

मी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर उलटले. "तेवीस ऑक्टोबर. गेल्या वर्षी नोव्हेंबरात होती, तीन तारखेला."

"म्हंजे लवकर हाय."

"अकरा दिवस."

"अकरा दिवस," ती म्हणाली, जसे कुणीतरी तिला एकटीलाच ते जादा दिले होते.